गोव्याचा १९६७ चा जनमत कौल : ३४ हजार मतांनी ठरलेली सीमा आणि आपला बाजार

सिंधुदुर्गनगरी : दोडामार्ग तालुका गोव्यात घ्या, ही मागणी दर काही वर्षांनी वर येते. कधी नोकरीवरून, कधी दवाखान्यावरून, कधी नाक्यावर गाडी अडवली म्हणून. मग चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणतोच, "एकदा मतदान घेऊन टाका ना, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष." असं मतदान याच सीमेबद्दल एकदा झालेलं आहे. फक्त त्यात आपल्याला मत नव्हतं. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला आणि गोवा महाराष्ट्रात येणार की वेगळा राहणार हे ठरलं. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता. आपण सगळे रत्नागिरी जिल्ह्यात होतो, ओरोसला मुख्यालय येणं तर फार पुढची गोष्ट. पण त्या दिवशीच्या मतांचा परिणाम आजही बांद्याच्या बाजारात, इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर आणि दोडामार्गच्या काजू बागेत दिसतो. म्हणून त्या कौलाची ही माहिती.

प्रश्न आला कुठून?

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला आणि दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश झाला. डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'मगो', सत्तेवर आला. खाणमालक दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. पक्षाचा मुख्य मुद्दाच विलीनीकरण हा होता. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता आणि त्याला गोवा वेगळा हवा होता.

मगोचं म्हणणं, आम्ही निवडून आलो म्हणजे लोकांनी विलीनीकरणाला होकार दिला. १९६५ मध्ये गोवा विधानसभेने आणि महाराष्ट्र विधिमंडळानेही विलीनीकरणाचे ठराव केले. सिक्वेरा आणि काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांचं म्हणणं वेगळं होतं. लोकांनी सरकार निवडलं आहे, प्रदेशाचं भवितव्य ठरवलेलं नाही. त्यासाठी स्वतंत्रपणे विचारा. शेवटी इंदिरा गांधींच्या सरकारने हे मान्य केलं. संसदेने १९६६ च्या अखेरीस खास कायदा केला. मतदान नि:पक्ष व्हावं म्हणून बांदोडकर सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. आज कुठल्या सत्ताधाऱ्याने असं केलं तर बातमी होईल.

विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित राहण्याला दोन पानं, अशा निशाण्या होत्या. दमण-दीवच्या लोकांना त्याच वेळी गुजरातबद्दल विचारलं गेलं आणि त्यांनी वेगळं राहणं पसंत केलं.

प्रचारात पोटाचे प्रश्न

हा कौल मराठी की कोंकणी यावर झाला, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. उदय भेंब्रे यांनी 'राष्ट्रमत' या दैनिकात 'ब्रह्मास्त्र' सदरातून विलीनीकरणाविरुद्ध रान उठवलं. गंमत अशी की ते दैनिक मराठी होतं. म्हणजे मराठी वाचणाऱ्यालाच मराठीतून 'महाराष्ट्रात जाऊ नका' असं सांगितलं जात होतं.

पण घराघरात चर्चा चालली ती पोटाची. कुळांना वाटत होतं की महाराष्ट्रात गेलो तर कसेल त्याची जमीन होईल, भाटकाराचा जाच सुटेल. मगोची ताकद या बहुजन समाजात होती. दुसरीकडे महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. माड काढणारा रेंदेर, काजूची भट्टी लावणारा, खानावळवाला या सगळ्यांना धंद्याची चिंता. सरकारी नोकऱ्या महाराष्ट्रातून येणाऱ्यांना जातील ही सुशिक्षितांची भीती. आणि आज पणजीत आपलं सरकार बसतं, उद्या आपण एका मोठ्या राज्याचा एक कोपरा होऊ, ही भीती तर सगळ्यांनाच. महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी दारूबंदी लागू करणार नाही, नोकऱ्यांत गोवेकरांना प्राधान्य देऊ अशी आश्वासनं दिली. आश्वासनं द्यावी लागली यातच काय ते आलं.

निकाल

मतदार होते ३ लाख ८८ हजार ४३२. त्यातल्या ३ लाख १७ हजार ६३३ जणांनी मत दिलं, म्हणजे जवळपास ८२ टक्के. दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१ मतं, फुलाला १ लाख ३८ हजार १७०. बाकीची ७ हजारांवर मतं बाद. फरक ३४ हजार २१.

हिशेब करून बघा. १७ हजार ११ लोकांनी दोन पानांऐवजी फुलावर शिक्का मारला असता तर आज पणजी महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं गाव असतं.

पेडणे, डिचोली, सत्तरी हे आपल्याला लागून असलेले भाग विलीनीकरणाच्या बाजूने होते. साहजिकच आहे. पेडण्यावर पूर्वी सावंतवाडीकरांची सत्ता होती. सोयरिकी इकडच्या-तिकडच्या, जत्रा एकमेकांच्या, दशावतारी मंडळंही तीच. सासष्टीने मात्र दोन पानांना भरभरून मतं दिली आणि तिथे कौल फिरला. नुसतं हिंदू-ख्रिस्ती असं गणित मांडलं तर आकडे जुळत नाहीत. गोव्यात हिंदू तेव्हाही निम्म्याहून जास्त होते. म्हणजे पुष्कळ हिंदूंनीही दोन पानांवर शिक्का मारला.

मत कोणाला नव्हतं हेही बघायला हवं. मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांना मताधिकार द्या अशी मागणी झाली, ती मान्य झाली नाही. आणि तेरेखोल नदीच्या या बाजूला, आरोंदा, सातार्डा, बांदा इथल्या माणसाला तर कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. सीमा मात्र दोन्ही बाजूंची ठरली.

लोकांनी कौल कसा घेतला?

मडगाव-पणजीकडे जल्लोष, पेडण्यात आणि इकडे शांतता. पण यापुढची घटना जास्त बोलकी आहे. दोन-अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी पुन्हा मगोलाच निवडून दिलं. बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण नको, पण भाऊसाहेब हवेत. लोक एका प्रश्नाला एक उत्तर देतात आणि दुसऱ्याला दुसरं, हे पुढाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. पुढे १९८७ मध्ये कोंकणी गोव्याची राजभाषा झाली आणि ३० मे १९८७ ला गोवा पूर्ण राज्य बनला.

बाजार लगेच हलतो तो वेगळा

कौल आणि बाजार म्हटलं की अलीकडचं मोठं उदाहरण इंग्लंडचं आहे. २३ जून २०१६ ला ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा की नाही यावर मतदान घेतलं. सोडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. टक्केवारीत बघितलं तर गोव्याचा कौल एवढा निसटता नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडे बाजार उघडला तेव्हा मोजणीचा कल स्पष्ट होऊ लागला होता. सेन्सेक्स दिवसभरात हजार अंकांहून जास्त घसरला आणि ६०४ अंक खाली बंद झाला. शंभर रुपयांच्या आसपास असलेला पाउंड ९३ च्या घरात आला. टाटांची इंग्लंडमध्ये जॅग्वार-लँड रोव्हरची कंपनी आहे, त्यामुळे टाटा मोटर्सचा शेअर जोरात पडला. सोनं मात्र चढलं. घाबरलेला पैसा सोन्याकडे धावतो.

आणि मग आठवडाभरात सेन्सेक्स परत जिथे होता तिथे आला. ज्यांनी घाबरून पहिल्या दिवशी विकलं त्यांचं नुकसान झालं. पाउंड मात्र लगेच सावरला नाही. त्यामुळे तिकडून घरी पैसे पाठवणाऱ्याच्या हातात कमी रुपये आले.

हे लांबचं वाटेल, पण नाही. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. ते घेऊन हजारो गोवेकर इंग्लंडात गेले आणि स्विंडनसारख्या गावात स्थायिक झाले. ब्रेक्झिटनंतर त्यांना तिथे राहण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला. नदीच्या या बाजूला जन्मलेल्याच्या नशिबात ना तो पासपोर्ट, ना ती धावपळ.

१९६७ मध्ये आपल्या भागात शेअर बाजार कोणाला माहीत होता? इथे परिणाम एका सकाळी दिसला नाही. तो हळूहळू आला, आणि गेला नाही.

नाक्यावरचा बाजार

गोवा वेगळा राहिला म्हणजे त्याचे कर त्याने ठरवायचे. दोन बाजूंचे कर वेगळे झाले की फरकावर धंदा उभा राहतो, हा साधा नियम. दारू तिकडे स्वस्त, इकडे महाग. परवान्याशिवाय गोव्याची दारू इकडे आणणं गुन्हा आहे, तरी इन्सुलीला किंवा बांद्याला गाडी पकडली ही बातमी आम्हाला महिन्यातून कितीदा द्यावी लागते ते वाचकांना माहीत आहे.

मार्च २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला. लिटरमागे सुमारे ११ रुपये कमी झाले. सावंतवाडी-बांद्याकडच्या दुचाक्या टाकी भरायला सीमेपलीकडे जाऊ लागल्या आणि अलीकडचे पंपवाले हवालदिल झाले. तो व्हॅट नंतर पुन्हा टप्प्याटप्प्याने वाढला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कपडे, साबण, फ्रीज यांवरचा कर सगळीकडे सारखा झाला. पण पेट्रोल, डिझेल आणि पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर ठेवली. त्यामुळे सीमेवरचा फरक नेमका याच वस्तूंत शिल्लक आहे.

गाड्यांचंही तसंच. जीए नंबरची गाडी आपल्या गावात कितीतरी जणांच्या दारात दिसते. कायद्याने दुसऱ्या राज्यातली गाडी सलग १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर नवीन नोंदणी करून घ्यावी लागते. ती न करता फिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

सगळ्यात चटका लावणारा फरक काजूचा. डोंगर एक, झाड एक, हंगाम एक. गोव्यात बोंडूपासून फेणी काढतात, तो परवान्याचा धंदा आहे आणि २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याकडे बी विकायची आणि बोंडू बागेतच कुजायचा, नाहीतर मिळेल त्या भावाने पलीकडच्या भट्टीवाल्याला द्यायचा. बोंडूवर प्रक्रियेला इकडेही मोकळीक द्या ही इथल्या बागायतदारांची मागणी जुनी आहे.

दार एका बाजूने बंद झालं की काय होतं तेही आपण बघितलंय. २०१३ मध्ये गोव्याने बाहेरच्या गाड्यांना प्रवेश कर लावला, तेव्हा सीमेवर आंदोलनं झाली. जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात परराज्यातल्या रुग्णांना शुल्क सुरू झालं, त्याची झळ सगळ्यात जास्त आपल्या जिल्ह्याला बसली. त्याच वर्षी फॉर्मेलिनच्या वादातून गोव्याने बाहेरच्या मासळीवर निर्बंध घातले आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या मासळी गाड्या अडकल्या. २०२० मध्ये कोरोनात सीमा बंद झाली, तेव्हा रोज कामाला तिकडे जाणारी पोरं घरी बसली. प्रत्येक वेळी गोवा सरकारने आपल्या मतदारांचं बघितलं. त्यात त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. आपण त्यांचे मतदार नाही. आपल्या मतांवर निवडून आलेल्यांनी तोवर काय केलं, हा प्रश्न मात्र इकडे विचारायला हवा. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, पण गंभीर रुग्ण आला की रुग्णवाहिका अजून बांबोळीचाच रस्ता धरते.

आज असा कौल घेता येईल का?

राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या कलम ३ प्रमाणे संसदेचा आहे. विधेयक मांडण्याआधी राष्ट्रपती ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला पाठवतात. विधिमंडळाचं मत संसदेवर बंधनकारक नसतं. लोकांचं थेट मतदान घ्यावं अशी तरतूद या कलमात नाही. गोव्यासाठी संसदेने वेगळा कायदा केला होता, तो तेवढ्यापुरताच. ग्रामपंचायतीने किंवा ग्रामसभेने 'आम्हाला गोव्यात घ्या' असा ठराव केला तर ती मागणी म्हणून नोंदली जाते, त्याने सीमा हलत नाही. आणि दोडामार्ग घ्यायचा म्हटला तरी मुंबई आणि पणजी दोन्हीकडच्या विधिमंडळांना मत विचारावं लागेल. त्या वेळी गोव्यातला मतदार काय म्हणेल, याचा अंदाज १९६७ चे आकडे बघून ज्याने त्याने बांधावा.