जवळून पाहिलेली माणसे : मराठीतील आठवणींची परंपरा

मोठ्या माणसाच्या सहवासात दिवस काढलेल्यांनी त्याचे खाणेपिणे, बोलणेचालणे, रागलोभ सांगावेत आणि कोणीतरी ते लिहून ठेवावेत, ही मराठीतील फार जुनी रीत आहे. पोवाड्यांनी आणि बखरींनी पराक्रम व राजकारण राखले. घरात, वाटेवर, पंगतीत तो माणूस कसा होता, हे आठवणींनी राखले. मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ या रीतीतूनच जन्माला आला.

तो ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या शिष्यांना विरह सोसवेना. तेव्हा म्हाइंभटांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या स्त्रीपुरुषांना गाठून एकेक प्रसंग मिळवला. सुमारे 1278 मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. स्वामी कोणत्या गावी उतरले, कोणाकडे जेवले, बाइसांनी त्यांची सेवा कशी केली, महदाइसेने काय विचारले आणि त्यावर काय उत्तर मिळाले, हे सारे त्यात साध्या बोलीत येते. शिकारी कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा जीव वाचवायला स्वामींच्या मांडीखाली येतो आणि ते त्याला पारध्यांच्या हाती देत नाहीत, हा प्रसंग तर समोर घडावा तसा दिसतो.

म्हाइंभटांच्या कामाची खरी थोरवी त्यांच्या पद्धतीत आहे. एकच प्रसंग दोघांनी वेगवेगळा सांगितला, तर त्यातला एक गाळून त्यांनी गोष्ट गोळीबंद केली नाही. दोन्ही पाठ नोंदवले आणि सांगणाऱ्याचे नावही ठेवले. सातशे वर्षांपूर्वीच्या लेखकाने साक्षीदाराचा एवढा मान राखावा, ही मराठीला लाभलेली मोठी मिळकत आहे. पुढे चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचेही चरित्र याच रीतीने तयार झाले. त्यात ऋद्धिपूरच्या गल्लीबोळांतून हिंडणारे, कोणाच्याही घरात शिरून हवे ते खाणारे, मुलांत मूल होऊन खेळणारे प्रभू भेटतात. त्यांचे वेडेपण लिहिणाऱ्यांनी झाकले नाही. त्या वेडेपणासकट गावाने त्यांना आईबाप मानले, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगितले. चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या आठवणी पुढे ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आल्या.

महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत राहिल्याने ही वाट पंथाबाहेर गेली नाही. अठराव्या शतकात ताहराबादच्या महिपतींनी भक्तविजय आणि इतर ग्रंथांतून संतांची चरित्रे घरोघर पोहोचवली. पण तिथे घरगुती तपशिलापेक्षा चमत्काराला आणि भक्तीच्या महिम्याला वजन आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष मराठी वाचकांसमोर ठळकपणे परत आली ती विसाव्या शतकात, आणि ती दिली मुख्यतः घरातल्या स्त्रियांनी.

1910 साली रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न 1873 मध्ये झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते. सासरी आल्याबरोबर रानड्यांनी त्यांना पाटीवर अक्षरे गिरवायला बसवले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे शिकणे खपत नव्हते. रात्री पतीजवळ धडे घ्यायचे आणि दिवसा बायकांचे टोमणे मुकाट्याने सोसायचे, अशी ती ओढाताण होती. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून उठलेले वादळ आणि पुढे रानड्यांनी घेतलेले प्रायश्चित्त या गोष्टी इतिहासात सार्वजनिक वाद म्हणून येतात. रमाबाईंच्या पुस्तकात त्याच प्रकरणाने घरात झालेली घालमेल दिसते. पतीचे नाव घ्यायचे नाही, हा त्या काळचा दंडक होता. म्हणून पुस्तकभर त्या रानड्यांना ‘स्वतः’ म्हणतात. त्या एका शब्दात आदरही आहे आणि अंतरही आहे.

लक्ष्मीबाई टिळकांनी ते अंतर मोडले. कवी नारायण वामन टिळक यांचे चरित्र लिहायचे म्हणून मुलाने आईकडे आठवणी मागितल्या आणि त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ उभी राहिली. या पुस्तकाचे भाग 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झाले. पतीला त्या सरळ ‘टिळक’ म्हणतात. कवितेतले कोमल टिळक घरात किती तापट होते, हातात आलेला पैसा कसा वाटून टाकत, न सांगता घरातून कसे निघून जात, हे त्यांनी हसत हसत सांगितले आहे. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा झालेली ताटातूट आणि काही वर्षांनी पुन्हा एकत्र येणे हा या पुस्तकाचा गाभा आहे. दोष सांगूनही माणूस लहान होत नाही, उलट वाचकाला तो जवळचा वाटू लागतो, याचा मराठीतला सर्वांत भक्कम पुरावा ‘स्मृतिचित्रे’ हाच आहे.

1944 साली आलेल्या ‘माझे पुराण’मध्ये आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे यांनी महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या संसाराची बाजू मांडली. विधवांच्या आश्रमासाठी कर्वे झिजत होते आणि आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली. जग त्याला त्याग म्हणत होते. मुलांच्या तोंडी काय घालायचे, ही चिंता मात्र बायांना होती. ती चिंता वाचल्यावाचून त्या त्यागाची किंमत कळत नाही.

दरम्यान आठवणी गोळा करण्याचे म्हाइंभटी काम सदाशिव विनायक बापट यांनी लोकमान्य टिळकांच्या बाबतीत केले. ‘लोकमान्य टिळक यांच्या आठवणी व आख्यायिका’ या संग्रहाचे तीन खंड 1924, 1925 आणि 1928 मध्ये निघाले. शीर्षकातले दोन्ही शब्द अर्थपूर्ण आहेत. आठवण म्हणजे स्वतः पाहिलेले आणि आख्यायिका म्हणजे लोकांत चालत आलेले. मंडालेच्या तुरुंगात टिळकांचा स्वयंपाक एक मराठी कैदी करत असे. टिळक जेवणानंतर चिमण्यांना दाणे टाकत. हळूहळू त्या इतक्या धीट झाल्या की ते लिहीत असताना टेबलावर आणि अंगाखांद्यावर येऊन बसत, ही आठवण त्याचीच. गीतारहस्य लिहिणाऱ्या पंडिताचे हे रूप त्या स्वयंपाक्याखेरीज कोणाला दिसणार होते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बारा खंडांचे चरित्र चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी याच चिकाटीने रचले. पहिला खंड 1952 मध्ये, बाबासाहेबांच्या हयातीतच आला. मुंबईतील डबक चाळीतली एकुलती खोली, उशाला जाते, पायथ्याशी शेळी आणि रात्री दोनला मुलाला अभ्यासासाठी उठवणारे वडील रामजीबाबा हे चित्र मराठी मनात कायमचे बसले. दलित समाजासाठी अशा तपशिलांचे मोल मोठे आहे. आपल्यासारख्याच खोलीतून हा माणूस उठला, हे त्यांतून कळते.

शतकाच्या अखेरीस, 1990 मध्ये, सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ आले. ज्या पु. ल. देशपांडे यांच्यावर अवघ्या महाराष्ट्राने जीव लावला, त्यांच्याविषयीच्या तक्रारी आणि प्रेम त्यांनी एकाच आवाजात सांगितले. पुस्तकात पु.लं.चा उल्लेख ‘भाई’ असा आहे. चक्रधरांच्या शिष्यांनी ‘गोसावी’ म्हटले, ऋद्धिपूरकरांनी ‘राऊळ’, रमाबाईंनी ‘स्वतः’, लक्ष्मीबाईंनी ‘टिळक’ आणि सुनीताबाईंनी ‘भाई’. पाहणारा कुठे उभा होता, हे या हाकांवरून कळते, आणि ती जागा कळली की त्याची साक्ष कशी वाचायची हेही कळते.