माझगावची भंडारवाडा टेकडी

इतिहास म्हटला की आपले लक्ष रायगड-सिंहगडाकडे धावते. मुंबईच्या गोदीच्या तोंडाशी, डॉकयार्ड रोड स्टेशनाला लागून असलेल्या एका बुटक्या टेकडीकडे कोण पाहणार? पाळीला निघालेला गोदी-कामगार तिच्या पायथ्याशी उतरतो आणि मान वर न करता पुढे जातो. तिचे नाव भंडारवाडा.

माथ्यावर पाण्याचा मोठा साठा आहे. तेव्हा नवख्याला वाटेल, हे पाण्याचे भांडार, म्हणून भंडारवाडा! तर्क सोपा आहे, पण टिकत नाही. हा जलाशय १८८४ सालचा, आणि त्याला व त्यावरच्या बागेला नाव दिले होते जॉन हे ग्रँट या साहेबाचे. आपल्या नावातला ‘वाडा’ म्हणजे वस्ती. कोळ्यांचा तो कोळीवाडा, तसा भंडाऱ्यांचा तो भंडारवाडा. माडावर चढून माडी काढणारी ही कष्टकरी जात मुंबईच्या जुन्या रहिवाशांपैकी. त्यांच्या माडीवरचा कर कंपनी सरकारच्या उत्पन्नाचे एक साधन होता. गव्हर्नर जेराल्ड आँजिअर (१६६९ ते १६७७) याने बेटाच्या रक्षणासाठी जे शिबंदी दल उभारले त्यातही मुख्य भरणा भंडाऱ्यांचाच. म्हणजे कर द्यायचा यांनी आणि पहाराही करायचा यांनीच!

इंग्रजांनी सुमारे १६८० साली माझगावचा किल्ला बांधला तो याच जागी. १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला, तेव्हा कंपनीच्या शिपायांनी हा किल्ला सोडून पळ काढला. सिद्दीने तिथे ठाण मांडून मुंबईच्या कोटाला वेढा घातला. अखेर इंग्रजांना औरंगजेबाची मनधरणी करावी लागली, दीड लाख रुपये मोजावे लागले. जून १६९० मध्ये जाता जाता सिद्दीने किल्ला उद्ध्वस्त केला. आज त्याचा मागमूस नाही. टेकडीला ‘किल्ल्याची टेकडी’ म्हणणाराही कोणी भेटत नाही. ज्यांनी तोफा चढवल्या त्यांचे नाव बुजले. ज्यांनी माडांवर मडकी चढवली त्यांचे राहिले. मला ही गोष्ट लहान वाटत नाही. गरिबाच्या घरी सनदा नसतात, वस्तीचे नाव हाच त्याचा दस्तऐवज.

खुद्द माझगावच्या नावाबद्दल वाद आहे. कोणी मत्स्यग्राम म्हणतात, कोणी मधले गाव. समोरचा समुद्र आणि कोळ्यांची वस्ती पाहता मला पहिले पटते. पण कौल देण्याचा अधिकार भाषापंडितांचा.

माथ्यावरच्या बागेला पुढे काका बॅप्टिस्टांचे नाव मिळाले. जोसेफ बॅप्टिस्टा (१८६४–१९३०) हे माझगावच्याच माथारपाखाडीचे. टिळकांचे सहकारी, १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, १९२० साली ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. साहेबाच्या जागी कामगारांचा वकील आला, हे ठीकच झाले. मात्र जलाशयाला हे नाव लागले नाही. पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना महापालिका काढते, तेव्हा तीत छापलेले असते : भंडारवाडा जलाशय.