मंगळयानाचे संचालन

मंगळयान (अधिकृत नाव : मार्स ऑर्बिटर मिशन) हे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने म्हणजेच इस्रोने मंगळ ग्रहाभोवती प्रदक्षिणा घालण्यासाठी पाठवलेले मानवरहित यान होते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून त्याचे प्रक्षेपण झाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. सहा महिन्यांच्या कार्यकाळासाठी आखलेले हे यान प्रत्यक्षात साडेसात वर्षांहून अधिक काळ कार्यरत राहिले. प्रस्तुत लेखात यानाच्या वैज्ञानिक निष्कर्षांपेक्षा पृथ्वीवरून ते कसे चालवले गेले, याची माहिती दिली आहे.

नियंत्रण व्यवस्था

यानाचे नियंत्रण बंगळूर येथील इस्ट्रॅक या इस्रोच्या केंद्रातून होत असे. संदेशांची देवाणघेवाण बंगळूरजवळील ब्यालालू येथील ३२ मीटर आणि १८ मीटर व्यासाच्या अँटेनांमार्फत चाले. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने एकाच ठिकाणाहून यान चोवीस तास दिसत नाही. त्यामुळे नासाच्या गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा येथील केंद्रांचेही साहाय्य घेण्यात आले. मोहिमेचे प्रकल्प संचालक सुब्बय्या अरुणन, तर कार्यक्रम संचालक म. अण्णादुराई होते. रितू करिधाल व नंदिनी हरिनाथ यांनी संचालन विभागाच्या उपसंचालक म्हणून काम पाहिले.

पृथ्वी व मंगळ यांच्यातील अंतर सतत बदलत असते. रेडिओ संदेशाला एका बाजूचा प्रवास करण्यास कधी तीन-चार मिनिटे, तर कधी वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. साहजिकच असे यान दूरनियंत्रकाने खेळणे चालवावे तसे चालवता येत नाही. नियंत्रण कक्षात बिघाड दिसतो तेव्हा तो यानावर आधीच घडून गेलेला असतो, आणि त्यावरील उपायाची आज्ञा पोहोचण्यास पुन्हा तेवढाच वेळ जातो. म्हणून नेमक्या वेळेशी बांधलेल्या आज्ञा यानाच्या संगणकात अगोदरच भरून ठेवल्या जात. अनपेक्षित दोष उद्भवल्यास यानाने स्वतःच सुरक्षित अवस्थेत जावे, सौर पटले सूर्याकडे वळवावीत आणि पृथ्वीशी संपर्क राखावा, अशी योजना होती.

पृथ्वीभोवतीच्या फेऱ्या

पीएसएलव्ही-सी२५ या प्रक्षेपकाची क्षमता सुमारे १,३३७ किलोग्रॅम वजनाचे यान थेट मंगळाच्या मार्गावर सोडण्याइतकी नव्हती. यानाच्या वजनापैकी ८५२ किलोग्रॅम भाग इंधनाचा होता. म्हणून यान प्रथम पृथ्वीभोवती लंबवर्तुळाकार कक्षेत ठेवून, ते पृथ्वीच्या जवळ येई त्या वेळी इंजिन प्रज्वलित करून कक्षेचा दूरबिंदू टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आला. यान सर्वाधिक वेगात असताना जाळलेले इंधन अधिक उपयोगी पडते, हे या पद्धतीमागील कारण आहे.

पहिली तीन प्रज्वलने सुरळीत पार पडली. ११ नोव्हेंबरच्या चौथ्या प्रज्वलनात मात्र अडथळा आला. इंजिनाकडे जाणाऱ्या प्रवाहाच्या झडपेला मुख्य व पर्यायी अशी दोन विद्युत वेटोळी होती. पर्यायी यंत्रणेची चाचणी म्हणून दोन्ही वेटोळ्यांना एकाच वेळी वीज दिली असता प्रवाहच थांबला. यानाच्या स्वयंचलित व्यवस्थेने तत्काळ लहान इंजिनांकडे काम सोपवले. तरीही १३० मीटर प्रतिसेकंद वेगवाढीऐवजी केवळ ३५ मीटर प्रतिसेकंद एवढीच वेगवाढ मिळाली. दूरबिंदू सुमारे एक लाख किलोमीटरवर जायचा, तो ७८,२७६ किलोमीटरवर राहिला. दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, पूरक प्रज्वलन करून तो १,१८,६४२ किलोमीटरपर्यंत नेण्यात आला. दोन्ही वेटोळी एकत्र वापरणे शक्य नाही, ही बाब मंगळाजवळ कळण्याऐवजी पृथ्वीजवळ कळली, हे मोहिमेच्या पथ्यावर पडले.

१ डिसेंबर २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर मुख्य इंजिन सुमारे २२ मिनिटे चालवून यान पृथ्वीच्या कक्षेतून बाहेर काढण्यात आले.

मंगळाच्या कक्षेत प्रवेश

मोहिमेतील सर्वांत जोखमीचा टप्पा २४ सप्टेंबर २०१४ हा होता. वेग पुरेसा कमी झाला नसता तर यान मंगळाला ओलांडून सूर्याभोवतीच्या कक्षेत कायमचे निघून गेले असते. ४४० न्यूटनचे मुख्य इंजिन सुमारे ३०० दिवस बंद होते. दीर्घकाळ बंद राहिलेल्या झडपा पुन्हा उघडतील याची खात्री देता येत नसल्याने इंधनासाठी नळ्या व झडपांचा स्वतंत्र दुसरा संच यानावर बसवलेला होता. २२ सप्टेंबरला इंजिन केवळ चार सेकंद चालवून पाहण्यात आले आणि ते व्यवस्थित चालले. ते सुरू झाले नसते तर २२ न्यूटनच्या आठ लहान इंजिनांच्या बळावर प्रयत्न करण्याची पर्यायी योजनाही तयार होती.

प्रवेशासाठीच्या आज्ञा सुमारे दहा दिवस आधी यानात भरण्यात आल्या. इंजिनाची दिशा साधण्यासाठी यान वळवावे लागणार असल्याने मोठी अँटेना पृथ्वीकडे रोखलेली राहणार नव्हती. म्हणून पहाटे मध्यम क्षमतेच्या अँटेनावर संपर्क वळवण्यात आला. सकाळी ७ वाजून १७ मिनिटांनी इंजिन सुरू झाले, परंतु ही बातमी पृथ्वीवर येण्यास साडेबारा मिनिटे लागली. प्रज्वलन चालू असतानाच यान मंगळाआड गेले व संपर्क तुटला. इंजिन २३ मिनिटांहून थोडे अधिक चालले, वेग १,०९९ मीटर प्रतिसेकंदाने घटला आणि आठच्या सुमारास नियंत्रण कक्षाला यश कळले. प्राप्त झालेली कक्षा सुमारे ४२२ × ७६,९९४ किलोमीटर, तर एका फेरीचा काळ ७२ तास ५२ मिनिटांच्या आसपास होता. पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत यान पोहोचवणारा भारत हा पहिला देश ठरला.

कक्षेतील दैनंदिन काम

यानाची दिशा चार प्रतिक्रिया चाकांनी राखली जाई. सौर पटले यानाच्या एकाच बाजूला असल्यामुळे सूर्यप्रकाशाच्या दाबाने यान हळूहळू वळू पाहत असे आणि ते रोखताना चाकांची गती वाढत जाई. ही साठलेली गती कमी करण्यासाठी लहान इंजिने अधूनमधून चालवावी लागत. त्यामुळे यान काही न करता केवळ फिरत राहिले तरी इंधन खर्ची पडतच असे.

१९ ऑक्टोबर २०१४ रोजी सायडिंग स्प्रिंग हा धूमकेतू मंगळापासून सुमारे १.४ लाख किलोमीटर अंतरावरून गेला. त्याच्या धुळीपासून बचाव व्हावा म्हणून यान त्या वेळी मंगळाच्या पलीकडे राहील अशी कक्षा आखण्यात आली. जून २०१५ मध्ये पृथ्वी व मंगळ यांच्यामध्ये सूर्य आल्याने संपर्क खंडित झाला आणि यानाने तो काळ स्वतःच्या बळावर काढला.

ग्रहणे आणि अखेर

यान मंगळाच्या सावलीत शिरले की वीजनिर्मिती थांबे. त्यावरील विजेरी सुमारे १०० मिनिटांचे ग्रहण सोसू शकत होती. २०१७ च्या आरंभी मात्र काही तासांची ग्रहणे येऊ घातली होती. म्हणून १७ जानेवारी २०१७ रोजी आठ लहान इंजिने ४३१ सेकंद चालवून कक्षा बदलण्यात आली. त्यात २० किलोग्रॅम इंधन खर्च झाले व अवघे १३ किलोग्रॅम उरले. यान वाचले, पण पुन्हा तसाच प्रसंग आल्यास करण्याजोगे फारसे काही शिल्लक राहिले नाही.

एप्रिल २०२२ मध्ये दीर्घ ग्रहणांच्या मालिकेत यानाशी संपर्क तुटला. त्यांतील एक ग्रहण सात तासांहून अधिक लांबीचे होते. इंधन संपल्याने सौर पटले सूर्याकडे राखता आली नसावीत, असे नमूद करून इस्रोने ऑक्टोबर २०२२ मध्ये मोहिमेची समाप्ती जाहीर केली.

महाराष्ट्राचा सहभाग

ब्यालालू येथील ३२ मीटर अँटेनाच्या उभारणीत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा सहभाग होता. प्रक्षेपकाच्या दुसऱ्या टप्प्यातील विकास इंजिन विक्रोळीच्या गोदरेज समूहाने बनवले. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची कवचे इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे तयार होतात. प्रक्षेपणाच्या वेळी शेवटच्या टप्प्याचे प्रज्वलन दक्षिण प्रशांत महासागरावर व्हायचे होते आणि तेथे जमिनीवरील केंद्र नव्हते. त्यासाठी मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय नौवहन महामंडळाची ‘नालंदा’ व ‘यमुना’ ही जहाजे अँटेनांसह पाठवण्यात आली. खराब हवामानामुळे त्यांना नियोजित ठिकाणी पोहोचण्यास उशीर झाला, आणि २८ ऑक्टोबरचे प्रक्षेपण ५ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलावे लागले.