चार गोलांच्या खेळाचं हॉकीतलं मूळ

उजवीकडे गर्दी झाली की चेंडू झटकन डावीकडे काढायचा, यात फुटबॉलला नवं काही नाही. दोन्ही कडांना विंगर उभे राहत त्या जमान्यातही लांब फटका मारून बाजू बदलली जायचीच. नवी आहे ती शिकवायची रीत. फळ्यावर बाण काढत बसायचं नाही, तीन विरुद्ध तीन असा खेळ लावायचा आणि प्रत्येक संघाला हल्ल्यासाठी एक सोडून दोन गोल द्यायचे. या रीतीचं मूळ सगळे फुटबॉलमध्येच धुंडाळतात. माझ्या मते ते हॉकीत आहे.

हॉर्स्ट वाइन हे मूळचे जर्मन हॉकीतले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ते स्पेनचे प्रशिक्षक होते आणि अंतिम सामन्यात भारताने स्पेनला ४-३ असं हरवलं. (बहिष्कारामुळे बरेच बलाढ्य संघ आलेच नव्हते, हेही खरं.) मुंबईचा मर्विन फर्नांडिस त्या भारतीय संघात होता. सुवर्णपदकाच्या गप्पा आपल्याकडे अजून रंगतात, पण हरलेल्या बाकावर कोण बसलं होतं ते कुणी विचारत नाही. तेच वाइन पुढे फुटबॉलकडे वळले आणि त्यांनी मुलांसाठी ‘फुनिन्यो’ हा खेळ रुजवला. लहानसं मैदान, दोन्ही टोकांना दोन-दोन छोटे गोल, गोलकीपर नाही आणि गोलरेषेपासून सहा मीटरच्या पट्ट्यात शिरल्याशिवाय मारलेला गोल धरायचा नाही. चेंडू घेतलेला मुलगा उजव्या गोलाकडे निघतो, दोघे बचावपटू आडवे येतात; म्हणजे डावा गोल जवळजवळ मोकळा. तो थांबतो, वळतो, मागच्या गड्याला पास देतो आणि तिथून चेंडू डावीकडे जातो. कुणी ओरडून सांगायची गरजच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप ‘रोंदो’चा. रिंगण करून मधल्याला चेंडू न देण्याचा हा सराव स्पेनमध्ये लाउरेआनो रुइस यांनी रुजवला आणि प्रशिक्षक योहान क्रायफच्या बार्सिलोनामुळे तो जगभर पोचला. पण साध्या रोंदोत गोलच नसतो. तिथे चेंडू राखायला शिकतात, कुठल्या बाजूने घुसायचं ते नाही. दुसरा दावा फुटसालचा, म्हणजे छोट्या बंदिस्त मैदानावरच्या फुटबॉलचा. १९३० मध्ये मॉन्टेव्हिडिओच्या वायएमसीएत हुआन कार्लोस सेरियानी यांनी त्याचा पाया घातला. तिथे मैदान इतकं अरुंद की बाजू बदलून फारशी मोकळी जागा हाती लागत नाही, शिवाय गोल समोर एकच. हे दोन्ही खेळ नात्यातले खरे, पण सख्खे नव्हेत.

मग हे हॉकीच्या माणसालाच का सुचावं? माझा तर्क असा: हॉकीत चेंडू स्टिकच्या सपाट बाजूनेच खेळावा लागतो, त्यामुळे खेळाडूचं उजवं अंग सोयीचं आणि डावं अवघड. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला दोन्ही कडा सारख्या वाटू शकतात. हॉकीच्या प्रशिक्षकाला मात्र कुठून खेळ सुरू करायचा आणि कुठे वळवायचा, हा हिशेब रोज मांडावा लागतो.

आता कुणी म्हणेल, हे तर आपल्या आट्यापाट्यांतलंच. साम्य आहेच. पाटी धरणारा एका टोकाच्या गड्यावर धावला की दुसऱ्या टोकाचा गडी पाटी ओलांडतो. आधीची हुलकावणी त्याचसाठी. पण चेंडूविना असलेल्या या खेळाचा वंशज म्हणून फुनिन्योला दाखवण्याइतका धागा हाती नाही. केवळ अभिमानापोटी तो जोडू नये. शिकवायला मात्र हे साम्य जरूर वापरावं. देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी पूर्ण मैदान आणि बावीस खेळाडू रोज जमवणं सोपं नाही. सहा मुलं, एक चेंडू आणि गोलांच्या खुणांना आठ विटा जमतात. देवळ्यातल्या क्रीडाशिक्षकांनी आधी एका पाटीवर दोघांना हुलकावणी खेळायला लावावी आणि लगेच चार गोल मांडून चेंडू द्यावा.