बेने इस्राएल समाज, हिब्रू भाषा आणि घटस्फोटाचा लेख

प्राचीन सेमिटिक भाषांचा अभ्यास आणि त्या भाषांतील विधिपरंपरेचा अभ्यास ही दोन निराळी क्षेत्रे मानण्याचा प्रघात आहे. हा भेद कितपत टिकतो, हे कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या इतिहासावरून पारखून पाहता येते.

या समाजाची मातृभाषा मराठी. हिब्रूचे ज्ञान बहुतांशी लोपले असतानाही शब्बाथ, सुंता व आहारविषयक निर्बंध त्याने पाळले. तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणूनच त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. म्हणजे भाषा विस्मृत झाली तरी आचार टिकून राहिला.

एकोणिसाव्या शतकात भाषा परत आली. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे मराठी व्याकरण प्रसिद्ध केले. १८४६ मध्ये मुंबईत हग्गादा मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षकही होते.

परंतु प्रार्थनेचे भाषांतर होऊ शकते, तसे विधिलेखाचे होत नाही. ज्यू धर्मशास्त्रातील घटस्फोटपत्र, म्हणजे ‘गेट’, मुख्यतः अरामीत लिहिले जाते. रूढीप्रमाणे त्याच्या ओळी बारा. नावे व स्थळ यांचा निर्देश काटेकोर, आणि साक्षीदारांच्या सह्या आवश्यक. इराणी साम्राज्याच्या काळी अरामी ही राज्यकारभाराची भाषा होती. इजिप्तमधील एलेफन्टाईन येथील ज्यूंचे इ. स. पूर्व पाचव्या शतकातील विवाहकरारही अरामीतच आहेत. तात्पर्य, येथे भाषा हा विधीचाच घटक ठरतो.

हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिला नाही. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएलांच्या विवाहाबाबत, त्यांच्या पूर्वजांचे घटस्फोट शास्त्रोक्त होते काय, अशी शंका काढण्यात आली. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने वंशाची चौकशी करण्याचे आदेश दिले. त्यावर मोठे आंदोलन झाले. अखेर १९६४ मध्ये तेथील संसदेने, हा समाज सर्वार्थाने ज्यू असून त्यास समान हक्क आहेत, असा ठराव केला. त्यानंतर आदेशातून या समाजाचा नामनिर्देश वगळण्यात आला.

या शंकेत तर्काची एक उणीव दिसते. लेख उपलब्ध नाही, एवढ्यावरून विधी मोडला असे सिद्ध होत नाही. जेथे घटस्फोटच विरळा, तेथे घटस्फोटपत्रेही विरळाच असणार. मनूने श्रुती व स्मृती यांच्या जोडीस सदाचारास धर्माचे प्रमाण मानले आहे. ज्यू परंपरेतही ‘मिनहाग’, म्हणजे रूढी, हिला स्थान आहे. म्हणून अशा समाजाच्या विधिपरंपरेचा शोध घेताना अभ्यासकाने लेखांचे वाचन करावेच. परंतु जेथे लेख नाहीत, तेथे आचाराची साक्षही तितक्याच काळजीने तपासावी.