यंत्राचा ताप आणि वऱ्हाडचा उन्हाळा

यंत्र काम करूं लागलें कीं तें तापतें, आणि तापलेलें यंत्र वेळेवर निवविलें नाहीं तर तें काम करीनासें होतें. यवतमाळ जिल्ह्यांतील जुन्या शेतकऱ्यास हें कोणीं शिकवावें लागत नसे. पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील काळांत तेलावर चालणारीं एंजिनें महाराष्ट्रांतील विहिरींवर बसूं लागलीं. त्यांपैकीं पाण्यानें निवणाऱ्या एंजिनांना विहिरीचेंच पाणी उपयोगीं पडे. उपसलेल्या पाण्याची एक बारीक धार एंजिनाच्या नळकांड्याभोंवतालच्या पोकळींतून फिरे व कोमट होऊन बाहेर पडे. ती धार बंद झाली कीं एंजिन थांबवावें लागे. मग पिकाला पाण्याची कितीहि निकड असो. त्याच शेतकऱ्याचा नातू आज जें यंत्र खिशांत बाळगतो त्याला नळकांडें नाहीं आणि धूरहि नाहीं. परंतु तापाचा नियम मात्र तोच लागू आहे.

सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट स्वस्त होऊन लहान गांवांपर्यंत पोहोंचलें. ज्या घरांत संगणक कधीं आला नव्हता त्या घरांत स्मार्टफोन आला आणि तोच मुलांचें क्रीडांगण बनला. २०१८ सालीं ‘पब्जी मोबाइल’ हा खेळ आला. २ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्यें तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नांवानें परत आला. या खेळाचा एक डाव सुमारें अर्धा तास चालतो. डावाच्या आरंभीं चित्र पाण्यासारखें वाहतें. परंतु दहा-पंधरा मिनिटें झालीं कीं फोनची पाठ चटके देऊं लागते, चित्र अडखळतें आणि नेमका निर्णायक क्षणीं नेम चुकतो. खेळणाऱ्यास वाटतें, फोन बिघडला. वस्तुतः तो बिघाड नसतो. आंतील चिप ठराविक मर्यादेपर्यंत तापली कीं फोन आपला वेग आपण होऊन कमी करतो. विहिरीवरचें एंजिन शेतकरी थांबवी, येथें यंत्र स्वतःच स्वतःला आवरतें, इतकाच काय तो भेद.

गणित करणारें यंत्र इतकें कां तापावें? चिपमधील अब्जावधि सूक्ष्म विद्युत्‌द्वारें क्षणोक्षणीं उघडतात व मिटतात, आणि प्रत्येक वेळीं खर्च झालेली वीज अखेर उष्णतेच्या रूपानें उरते. आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९७४ सालीं असें दाखविलें कीं, हीं द्वारें जसजशीं लहान करावीं तसतशी त्यांची विजेची भूकहि कमी होते. म्हणून तेवढ्याच जागेंत अधिक द्वारें बसवूनहि ताप वाढत नाहीं. तीस वर्षें हा आधार पुरला. २००५ च्या सुमारास तो सुटला आणि तेव्हांपासून संगणकाचा वेग हा बव्हंशीं उष्णता बाहेर काढण्याचा प्रश्न झाला. महासंगणकांना हा अनुभव त्यापूर्वींच आला होता. १९८५ सालचा अमेरिकेंतील क्रे-२ हा महासंगणक विजेस न जुमानणाऱ्या एका द्रवांत बुडवून ठेवलेला असे. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकांत थंड द्रव थेट चिपच्या पाठीपर्यंत नेलेला आहे. परंतु महासंगणकास दालन असतें, नळ असतात, पंप असतात. फोनला यांपैकीं कांहींच नाहीं. सर्वसाधारण फोन पंख्यावांचून तीन ते पांच वॅट इतकीच उष्णता दीर्घकाळ बाहेर टाकूं शकतो. त्याहून अधिक निर्माण झाली कीं ती आंतच सांचते.

या अडचणींतून जो मार्ग निघाला त्याचें मूळ खेळांत नाहीं. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीचे गॉगलर यांनीं १९४२ सालीं एका विलक्षण नळीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. १९६३ सालीं लॉस अलामॉस येथील जॉर्ज ग्रोव्हर यांनीं तीच कल्पना स्वतंत्रपणें सिद्ध केली आणि पुढें ती अंतराळयानांत उपयोगांत आली. तांब्याच्या बंद नळींत किंचित्‌ पाणी ठेवून आंतील हवा काढून घेतात. नळीच्या तप्त टोकाशीं पाण्याची वाफ होते, ती गार टोकाकडे धांवते, तेथें उष्णता सोडून पुन्हां पाणी होते, आणि तें पाणी दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें आंतील जाळीवाटे मूळ जागीं परत येतें. एक ग्रॅम पाणी एका अंशानें तापवावयास एक कॅलरी पुरते. पण उकळत्या पाण्याची वाफ करावयास प्रत्येक ग्रॅममागें सुमारें ५४० कॅलरी लागतात. म्हणून थेंबभर पाणी मोठें ओझें वाहून नेतें. जपानच्या एनईसी कंपनीनें २०१३ सालीं अशी नळी फोनमध्यें घातली. २०१६ सालीं सॅमसंगनें तिचा अंगीकार केला. नळीच्या जागीं चपटी बाष्पपेटी आली आणि २०२५ सालीं ॲपलच्या आयफोन १७ प्रो मध्येंहि ती बसली. खास खेळाडूंसाठीं निघालेल्या फोनांनीं आणखी पुढें पाऊल टाकलें. आसूसनें २०१८ सालीं पाठीवर अडकविण्याचा पंखा दिला, तर नूबियानें २०१९ सालीं रेड मॅजिक ३ या फोनच्या पोटांतच पंखा बसविला.

वऱ्हाडांतील वाचकांस हें ऐकून घरचा माठ आठवेल, आणि तें योग्यच आहे. दोन्हीकडे पाण्याची वाफ उष्णता नेते. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. माठांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ कोरड्या हवेंत कायमची निघून जाते. म्हणून माठांतील पाणी भोंवतालच्या हवेहूनहि थंड होतें. बाष्पपेटींतील वाफ पेटींतच फिरते. ती उष्णता चिपपासून पाठीपर्यंत पोहोंचविते, पसरविते. नाहींशी करीत नाहीं. पाठीवरून ती अखेर हवेलाच उचलावी लागते.

कंपनीनें दिलेल्या व्यवस्थेवर समाधान न मानणारे हौशी लोक सर्वत्र आहेत. २०२२ सालीं सॅमसंगच्या फोनांतील एक व्यवस्था खेळांच्या वेळीं वेग आवरून धरते असें उघड झालें, तेव्हां ग्राहकांनीं मोठी ओरड केली व कंपनीस तो निर्बंध सैल करण्याची सोय द्यावी लागली. पण निर्बंध सैल केला म्हणून उष्णता कमी होत नाहीं. म्हणून कांहीं जण थेट फोनच उघडतात. चिप व आंतील पत्रा यांमध्यें हवेची जी बारीक फट असते ती उष्णतावाहक लेपानें बुजवितात, किंवा तांब्याचा पातळ पत्रा घालतात. तांब्यांतून उष्णता काचेच्या सुमारें चारशें पट सुलभतेनें वाहते, तेव्हां युक्ति शास्त्रशुद्ध आहे आणि चिप खरोखरच निवते. मात्र तीच उष्णता शेजारच्या बॅटरीकडे वळली तर बॅटरीचें आयुष्य घटतें, आणि उघडलेल्या फोनचें पाण्यापासूनचें संरक्षण पूर्ववत्‌ राहत नाहीं. याहून सौम्य उपाय म्हणजे पाठीवर अडकविण्याची विजेची थंड पट्टी. तिचें तत्त्व पॅरिस येथें पूर्वीं घड्याळें बनविणाऱ्या पेल्टिये यांनीं १८३४ सालीं शोधिलें: दोन भिन्न धातूंच्या सांध्यांतून वीज वाहिली कीं एक सांधा थंड व दुसरा उष्ण होतो. या सर्व उपायांत भोंवतालच्या हवेहून खालीं तापमान नेऊं शकणारा हाच एक होय. मात्र हा गारवा फार झाला आणि हवा पावसाळ्यांतली दमट असली, तर पट्टीखालीं दंव जमतें. तें आंत शिरल्यास तापानें न झालेली हानि ओलाव्यानें होते.

आतां यवतमाळच्या मे महिन्याचा विचार करावा. न्यूटननें १७०१ सालीं प्रसिद्ध केलेला नियम असा कीं, तप्त पदार्थ किती वेगानें निवेल हें त्याच्या व हवेच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असतें. हातास चटका बसूं नये म्हणून फोनची पाठ ४५ अंशांवर जाऊं द्यावयाची नाहीं असें धरूं. हवा २५ अंश असेल तर अंतर २० अंशांचें. हवा ४० अंश झाली कीं तें अवघें ५ अंश, म्हणजे निवण्याची शक्ति एक चतुर्थांश. पारा ४५ वर गेला कीं अंतर शून्य. आणि शून्यास पंख्यानें कितीहि पटीनें गुणलें तरी उत्तर शून्यच. ॲपल आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेंत वापरावे असें सांगते. यवतमाळांत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशीच्या वर जातो व कधीं पंचेचाळिशीस टेकतो. म्हणजे ज्या दिवसांत शाळांना सुटी असते आणि मुलें खेळावयास मोकळीं असतात, नेमके तेच दिवस त्या यंत्राच्या सांगितलेल्या मर्यादेबाहेरचे आहेत. यांत मुलाचा दोष नाहीं, आणि महाग फोन घेतल्यानेंहि तो पेंच पूर्णपणें सुटत नाहीं.

यावरचा उपाय विदर्भांतील घराघरांत खिडकीशीं उभा आहे. वाळ्याच्या ओल्या पडद्याचा वंशज असा जो कूलर, तो माठाच्याच नियमानें चालतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत तो खोलीचें तापमान दहा-बारा अंशांनीं सहज उतरवितो. ४२ अंशांची हवा ३० वर आली तर वरील हिशेबानें अंतर ३ अंशांचें १५ होतें; म्हणजे फोन पांचपट सुखानें निवतो, आणि तोहि एक स्क्रू न उघडतां. फोनचें जाड आवरण काढून ठेवावें, चार्जिंग करीत खेळूं नये, पडद्याचा उजेड व चित्राची सूक्ष्मता थोडी उतरवावी, आणि फोन कूलरच्या तुषारांपासून दूर पण त्याच्या वाऱ्याच्या वाटेवर असावा. एवढें केल्यावरहि कांहीं उणें वाटलें तर पाठीवरचा पंखा घ्यावा. तांब्याच्या पत्र्याचा विचार सर्वांत शेवटीं. उष्णता कोणत्याहि युक्तीनें नाहींशी होत नाहीं. तिला जावयास थंड जागा लागते, आणि वऱ्हाडांत ती जागा अगोदर घरांत तयार करावी लागते.