पुंजबिंदू व सूक्ष्म आरएनए
पुंजबिंदू म्हणजे काही नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) आकारमानाचा अर्धसंवाहक स्फटिक. लघू तरंगलांबीचा प्रकाश शोषून तो अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश उत्सर्जित करतो (अनुस्फुरण). एकाच द्रव्याचे कण जितके लहान, तितका हा प्रकाश निळ्या रंगाकडे झुकतो. रोगनिदानासाठी सूक्ष्म आरएनए ओळखण्याच्या कामी या गुणधर्माचा उपयोग करण्यात आला. मात्र या दोहोंचे प्रारंभीचे इतिहास परस्परांशी सर्वस्वी असंबद्ध आहेत.

अलेक्सेई येकिमोव्ह यांना १९८१ मध्ये ताम्र क्लोराइडयुक्त काचेत आकारमानाचा हा परिणाम आढळला. १९८३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लुई ब्रुस यांनी द्रवातील कॅडमियम सल्फाइडाच्या कणांत तो दाखविला. मौंगी बावेंडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जवळजवळ एकसारख्या आकारमानाचे कण बनविण्याची रीत शोधली (या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक).

योगायोगाने १९९३ सालीच व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रव्हकुन (२०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक) यांचे सूत्रकृमीवरील संशोधन प्रसिद्ध झाले. लिन-४ या जनुकापासून प्रथिन तयार न होता सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए तयार होतो व तो दुसऱ्या जनुकाच्या प्रथिननिर्मितीस आळा घालतो, असे त्यांत दिसून आले. हा त्या कृमीपुरताच अपवाद असावा, असे बहुतेकांना वाटले. तसाच दुसरा आरएनए, लेट-७, मानवासह अनेक प्राण्यांत असल्याचे २००० मध्ये आढळल्यावर हे मत बदलले. २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटास श्वेतकोशिकार्बुदाच्या एका चिरकारी प्रकारात मिर-१५ व मिर-१६ यांचे प्रमाण घटलेले आढळले, तर २००८ मध्ये सूक्ष्म आरएनए रक्तद्रवातही टिकून राहतात हे स्पष्ट झाले.

दरम्यान १९९८ मध्ये दोन अमेरिकी गटांनी पुंजबिंदू कोशिकांवर खुणेसाठी वापरले होते. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात यापुढचे पाऊल पडले. शोधावयाची डीएनए साखळी नमुन्यात असेल, तरच पुंजबिंदू आणि एक तांबडे रंजक जवळ येतात. मग पुंजबिंदूची ऊर्जा रंजकाकडे जाऊन तांबडा प्रकाश दिसतो. सूक्ष्म आरएनए फारच आखूड असल्याने दोन शोधक तुकड्यांना त्यावर पकड घेण्यास पुरेशी जागा मिळत नाही. ही अडचण ओलांडून २०१५ मध्ये पॅरिस-सूद विद्यापीठात टर्बियम व निरनिराळ्या रंगांचे पुंजबिंदू यांच्या साहाय्याने तीन सूक्ष्म आरएनए एकाच नमुन्यात मोजले गेले. त्यांपैकी दोहोंत केवळ दोन न्यूक्लिओटाइडांचा फरक होता.

अशा प्रकारे प्रकाशाचा प्रश्न बराचसा सुटला. रक्ताचा मात्र सुटला नाही. तांबड्या कोशिकांत मिर-१६ व मिर-४५१ विपुल असतात. रक्त काढताना थोड्या कोशिका फुटल्या, तरी रक्तद्रवातील त्यांचे प्रमाण वाढते व रोग नसताना खूण दिसू शकते. उपकरण जितके संवेदनशील, तितकी ही फसगत अधिक ठळक होते. कॅडमियमाच्या विषारीपणाची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु शरीराबाहेरील परीक्षेत तो प्रश्न मुख्यतः विल्हेवाटीचा असून इंडियम फॉस्फाइड हा त्यावरील एक पर्याय आहे. नमुना घेण्याच्या पद्धतीला असा पर्याय नाही.